‘बघू’ची बाजू

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात बदलाचे काम घेऊन जाणाऱ्याला एक शब्द लवकर भेटतो: ‘बघू’. बांधावर आंब्याची कलमे लावायची का, अशक्त पोराला दवाखान्यात ठेवायचे का, दिवाळीनंतर वीटभट्टीवर न जाता गावातच थांबायचे का, दारू सोडायची का, असे काहीही विचारा. नकार मिळत नाही आणि होकारही मिळत नाही, ‘बघू’ मिळतो. बाहेरून आलेला माणूस त्याचा अर्थ पटकन लावून मोकळा होतो: आळस, नाहीतर अज्ञान. पण दाभोशाच्या आसपासची शेती वर्षभर पाहिली तर हा अर्थ टिकत नाही. लेंडी नदी जिथे सुमारे ३०० फूट खाली कोसळते त्या गावाला पर्यटक धबधब्यामुळे ओळखतो. तिथला संसार मात्र उतारावरच्या नागली-वरईवर आणि खाचरातल्या भातावर चालतो. पावसाआधी पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून राब भाजायचा, पाऊस लागला की त्यावर बी टाकायचे, रोप तयार झाले की भर पावसात वाकून आवणी उरकायची. यातले एकही काम पुढे ढकलता येत नाही आणि कोणी ढकलतही नाही. आवणीच्या दिवसांत ‘बघू’ म्हणणारा शेतकरी शोधून सापडणार नाही. म्हणजे जो माणूस आवणीचा दिवस चुकवत नाही तोच कलमांच्या बाबतीत वर्षामागून वर्षे घालवतो. हात तेच, डोके तेच. आळस हा त्याचा स्वभाव असता तर तो राबाच्या वेळीही दिसला असता. तेव्हा विचारायचा प्रश्न ‘हा माणूस असा का’ हा नाही. या कामात असे काय आहे की कष्टाळू माणूसही थबकतो, हा तो प्रश्न आहे.

हा प्रश्न नीतीचा आहे आणि आपल्या परंपरेत तो जुना आहे. चालढकल हा दोष आहे का, असेल तर कोणाचा, आणि दुसऱ्याची चालढकल मोडून काढण्याचा अधिकार कोणाला, असे त्याचे तीन पदर. पहिल्या पदरावर गीतेचे उत्तर वरवर पाहता कडक आहे. अठराव्या अध्यायात कर्त्याचे तीन प्रकार सांगताना तामस कर्त्याच्या लक्षणांत आळशी आणि दीर्घसूत्री या दोन्ही विशेषणांची गणना केली आहे. दीर्घसूत्री म्हणजे कामाचा धागा लांबवत बसणारा. पण ही दोन विशेषणे वेगळी मोजली गेली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत ही जाण आणखी स्पष्ट दिसते. चित्ताला विक्षेप आणणारे नऊ अंतराय तिथे दिले आहेत आणि त्यांत संशय, प्रमाद आणि आलस्य हे तीन निरनिराळे अडथळे म्हणून येतात. संशयी माणसाचे पाऊल अडते कारण त्याला दोन वाटा दिसतात. आळशाचे अडते कारण एक वाट दिसत असूनही ती चढणीची आहे. बाहेरून दोघेही बसलेलेच दिसतात. वैद्याने ताप पाहून लगेच एकच काढा दिला तर रोगी दगावू शकतो. बसलेल्या माणसाला पाहून लगेच उत्साहाचा डोस देणारा मार्गदर्शक तीच चूक करतो. संशयाचे औषध माहिती आणि खात्री हे आहे, आळसाचे औषध शिस्त. संशयी माणसाला शिस्तीचा बडगा दाखवला की तो दोन्ही वाटा सोडून तिसरीच पकडतो: तोंडावर ‘हो’ म्हणतो आणि पाठ फिरताच विसरतो.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्माच्या तोंडी उशिराच्या दोन गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींच्या विरोधात उभ्या राहतात. पहिली तीन माशांची. कोळी तळ्याचे पाणी सखल जागेकडे काढून देऊ लागतात. लांबचे पाहणारा मासा धोका ओळखून आधीच दुसरीकडे निघून जातो. वेळेवर बुद्धी चालवणारा मासा जाळ्याची दोरी तोंडात धरून पकडला गेल्याचे नाटक करतो आणि संधी मिळताच निसटतो. ‘घाई कशाला’ म्हणणारा दीर्घसूत्र तेवढा मरतो. दुसरी गोष्ट चिरकारीची. प्रत्येक काम रेंगाळत करतो म्हणून लोक त्याला हे नाव देऊन हसत. त्याचा बाप गौतम पत्नीवर संतापतो, मुलाला तिला मारण्याची आज्ञा देतो आणि अरण्यात निघून जातो. चिरकारी शस्त्र घेऊन विचार करत बसतो: बापाची आज्ञा मोडणे हा अधर्म, आईला मारणे हा त्याहून मोठा अधर्म, आणि तिचा अपराध तरी नक्की कोणता? इकडे गौतमाचा राग उतरतो, तो पश्चात्तापाने रडत परततो, तर बायको जिवंत आणि मुलगा पायाशी शस्त्र टाकून नमस्कार करताना दिसतो. बाप त्याला पोटाशी धरतो आणि त्याच्या रेंगाळण्याचे गुणगान करतो. एकाच पर्वात, एकाच वक्त्याच्या तोंडून, उशीर करणाऱ्या एकाला मरण येते आणि दुसऱ्याला आशीर्वाद मिळतो. यातली एक गोष्ट खरी आणि दुसरी खोटी म्हणून सुटका होत नाही. दोन्ही खऱ्या मानून त्यांच्यामधली रेघ शोधावी लागते.

ती रेघ माझ्या मते अशी आहे. चिरकारीच्या पुढ्यातली कृती परत फिरवता येणारी नव्हती. आई मेली की मेली. उशीर मात्र भरून निघणारा होता. आज न मारलेल्या आईला उद्याही मारता आले असते. दीर्घसूत्र माशाचे नेमके उलट होते. दुसऱ्या तळ्यात गेलेला मासा परत येऊ शकत होता, पण पाणी आटल्यावर गेलेली वेळ परत येणार नव्हती. म्हणजे उशिराला दोष द्यायचा की श्रेय, हे माणसाच्या स्वभावावरून ठरत नाही. कृती आणि विलंब या दोघांपैकी न फिरणारे कोणते, यावरून ते ठरते. जिथे कृती न फिरणारी तिथे थांबणे हा विवेक, जिथे विलंब न फिरणारा तिथे थांबणे हा दोष. पेच उरतो तो दोन्ही न फिरणारी असतात तेव्हा, आणि आयुष्यातले बहुतेक मोठे निर्णय याच जातीचे असतात. ‘बघू’ हा शब्द त्या पेचातून येतो. तो उच्चारणारा माणूस स्वतःला चिरकारी समजत असतो आणि त्याला समजवायला आलेल्याला तो दीर्घसूत्री मासा दिसत असतो. भांडण दोघांच्या हिशेबांत आहे. म्हणून मदत करू पाहणाऱ्याचे पहिले कर्तव्य समोरच्याचा हिशेब वाचणे हे आहे. आपला हिशेब त्याच्या गळी उतरवणे नव्हे.

कलमांचाच हिशेब वाचून पाहू. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ने १९८२ मध्ये दक्षिण गुजरातेतल्या वांसदा भागात वाडीचा प्रयोग सुरू केला: आदिवासी कुटुंबाच्या साधारण एकरभर जमिनीवर आंबा-काजूची कलमे, कडेने जंगली झाडांचे कुंपण, मधल्या जागेत नेहमीची पिके. पुढे हीच वाडी जव्हारच्या डोंगरावर आली. कागदावर ती निर्विवाद फायद्याची. पण कुटुंबाच्या बाजूने पाहा. कलम धरायला तीन-चार उन्हाळे पाणी द्यावे लागते, आणि इथे पावसाळ्यात धो धो कोसळणारे पाणी मार्चनंतर हंड्याने मोजावे लागते. सुगी संपली की गुरे मोकळी सुटतात. खरिपाचे धान्य काही महिन्यांत संपते, म्हणून दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीची उचल घेऊन सगळे कुटुंब स्थलांतर करते. मग फाल्गुनात त्या कलमांना पाणी घालणार कोण? थांबायचे तर उचल सोडावी लागते, आणि उचल सोडली तर घरात खायचे काय? आंबा पाचव्या वर्षी, भूक पौषात. या हिशेबात ‘बघू’चा अर्थ ‘मला कळत नाही’ असा नाही. ‘तुम्ही सांगता ते झाड जगले नाही तर ते तुमच्या अहवालात एक आकडा कमी होईल, माझ्या घरात एक वर्ष’ असा तो आहे. चुकल्याचा खर्च ज्याच्या खिशातून जाणार त्याचा ‘बघू’ हा वेळकाढूपणा ठरत नाही, ती सावकाश केलेली आकडेमोड ठरते.

कधी कधी या आकडेमोडीमागे एका माणसाचा अनुभव नसतो, पिढ्यांचा असतो. वारली आदिवासींमध्ये धवलेरी ही पुरोहित स्त्री लग्न लावते. पण अनेक जोडपी हा विधी होण्याआधीच संसार थाटतात, मुले होतात आणि लग्नाचा सोहळा पैसा जमेल तेव्हा, कधी कित्येक वर्षांनी होतो. नागर नजरेला ही चालढकलीची परमावधी वाटते. पण याच मुलखात स्वातंत्र्याआधी लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेणारा तरुण त्याचा लग्नगडी होत असे. तो आणि त्याची बायको कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा मरेपर्यंत, सावकाराच्या शेतावर राबत. एका दिवसाच्या सोहळ्याची किंमत दोन आयुष्ये. अशी किंमत मोजलेल्या समाजात लग्नाची तारीख पुढे ढकलणे हा पूर्वजांकडून आलेला शहाणपणा मानायला काय हरकत आहे? लग्न उशिरा झाले तर संसार अडत नाही, कर्ज लवकर झाले तर संसार बुडतो. शांतिपर्व कधीही न ऐकलेल्या या माणसांनी चिरकारीचा न्याय आपल्या चालीरीतीत बसवून घेतला. बदल घडवायला निघालेल्याने म्हणून कोणत्याही ‘बघू’समोर आधी हे विचारावे की यापूर्वी ‘हो’ म्हटल्याची किंमत इथे कोणी आणि किती मोजली आहे.

इथून मदतीची पहिली रीत निघते. माणूस न फिरणाऱ्या कृतीपुढे थबकत असेल तर त्याच्या धैर्यावर भाषण देण्यापेक्षा कृतीच फिरवता येण्याजोगी करावी. सगळी जमीन मागण्याऐवजी एक एकर मागणे हा त्याचाच प्रकार. जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागात मोगऱ्याने जे पटवले ते भाषणांनी पटले नसते: मोगरा आंब्याइतकी वाट पाहायला लावत नाही, थोड्या जागेत होतो आणि रोज पहाटे खुडलेल्या कळ्यांचे पैसे दादरच्या फुलबाजारातून हातात येतात. लवकर मिळालेले थोडे फळ उशिरा मिळणाऱ्या मोठ्या फळाला जामीन राहते. आजारी मुलाच्या बाबतीतही तेच. आई मुलाला घेऊन दवाखान्यात राहिली की तिची मजुरी जाते आणि घरी दुसरी पोरे उपाशी राहतात. हे ओळखून १९९५ च्या नवसंजीवन योजनेत बुडीत मजुरी देण्याची तरतूद झाली. ‘बुडीत मजुरी’ या दोन शब्दांत मानसशास्त्राच्या जाड ग्रंथापेक्षा अधिक समज आहे. आईच्या नकाराला या शब्दांनी अज्ञान न मानता खर्च मानले. व्यसनमुक्तीच्या जगात १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ने याच तत्त्वावर काम उभे केले: जन्मभर दारू सोडण्याची शपथ नको, आजचा दिवस नको म्हणा. जन्म पेलत नाही, दिवस पेलतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या आहारी गेलेल्यांशी बोलण्याची जी पद्धत मांडली तिचा गाभा असा की समुपदेशक बदलाच्या बाजूने जितका हिरिरीने बोलतो तितका समोरचा न बदलण्याच्या बाजूने बोलू लागतो, कारण मनात दोन्ही बाजू असतात आणि एक तुम्ही बळकावली की त्याच्याकडे दुसरीच उरते. बदलाची कारणे त्याच्याच तोंडून यावी लागतात.

पण कृती लहान केली, खर्च उचलला आणि कारणे त्याच्याच तोंडून आली तरी ‘बघू’ उरू शकतो. कारण ‘बघू’ला तिथी नसते. इथे धार्मिक विधीतल्या संकल्पाची रचना पाहण्यासारखी आहे. पूजेला बसलेला माणूस ‘मी देवाची पूजा करीन’ एवढे म्हणून थांबत नाही. आधी तो देश सांगतो: कोणता खंड, कोणत्या नदीचे कोणते तीर. मग काळ सांगतो: संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग स्वतःचे गोत्र आणि नाव. मग नेमके कोणते कर्म आणि कशासाठी. शेवटी तळहातावरून पाणी सोडतो. म्हणजे ज्याने ही रचना केली त्याला ठाऊक होते की इच्छेला पत्ता दिल्याशिवाय ती पोचत नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात प्रयोगांनी हेच दाखवले: ‘मी व्यायाम करीन’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘अमुक वेळ झाली की अमुक जागी जाऊन करीन’ असे ठरवणारे कितीतरी अधिक वेळा ते पार पाडतात. राब आणि आवणी यांत चालढकल का होत नाही, त्याचेही उत्तर इथे आहे. तिथे तिथी आभाळ देते, जागा ठरलेली असते, शेजारीपाजारी त्याच दिवशी वाकलेले असतात आणि फळ त्याच हंगामात दिसते. संकल्पाची सगळी अंगे ऋतू पुरवतो. नव्या कामाला ऋतू नसतो, म्हणून त्याला तिथी माणसाने द्यावी लागते. ‘कलमे लावू’ याला अर्थ नाही. ‘अक्षय्य तृतीयेच्या आत विहिरीकडच्या तुकड्यात दहा खड्डे, आणि दिवाळीनंतर पाणी धाकटा भाऊ घालील’ याला आहे.

आता या मांडणीवरचा सर्वांत भारी आक्षेप. परतीची वाट ठेवून कोणी कधी मोठा बदल केला आहे काय? दोर कापल्याशिवाय गड सर होत नाहीत, हे सिंहगडाच्या कथेवर वाढलेल्या मराठी माणसाला कोणी सांगायला नको. आणि याच मुलखाचा इतिहास त्या आक्षेपाच्या बाजूने साक्ष देतो असे वाटते. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान सभेच्या अधिवेशनाला उंबरगावकडचे काही वारली गेले. त्याच वर्षी २३ मे रोजी झरीच्या सभेत सुमारे ५,००० आदिवासी जमले आणि वेठ करायची नाही, बारा आणे रोजाशिवाय जमीनदाराच्या शेतावर काम करायचे नाही असा निर्धार करून उठले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यामध्ये काम करत होते. गोदावरीबाईंनी पुढे त्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. झरीचा निर्धार परतीचा नव्हता. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याच्या गोळीबारात पाच आदिवासी मारले गेले. मग पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून राबणारी माणसे या न फिरणाऱ्या कृतीला तयार कशी झाली? त्यांच्यात एका दिवसात शौर्य संचारले असे म्हणणे सोपे आहे आणि त्यांचा अपमान करणारे आहे, कारण मग आदल्या दिवसापर्यंत ते भित्रे होते असे होते. खरे असे की एकट्याने वेठ नाकारली तर तो मार खातो, त्याचे घर उठते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. सगळ्यांनी एकाच दिवशी नाकारली तर दुसरा उरतच नाही. कृती तितकीच न फिरणारी राहिली, पण तिचा भार ५,००० खांद्यांवर वाटला गेला. म्हणून दुसरी रीत अशी: जिथे परतीची वाट देता येत नाही तिथे सोबत द्यावी. वारकऱ्याची तुळशीची माळ जन्माची असते, तरी ती पेलते याचे कारण तेच. दरवर्षी आषाढी-कार्तिकीला तीच माळ घातलेले लाखो लोक बरोबर चालतात.

सोबतीच्या या रीतीवर लगेच दुसरा आक्षेप येतो की चारचौघांसमोरची शपथ हा दबाव आहे; त्यात माणसाचा निर्णय त्याचा राहत नाही. हा धोका खरा आहे. सभेत हात वर करवून घेतलेल्या कित्येक प्रतिज्ञा मंडप उतरण्याआधी मोडतात. फरक ओळखण्याची खूण साधी आहे. प्रतिज्ञा घ्यायला लावणारा तिच्या परिणामांत वाटेकरी आहे का? झरीला शपथ घेणारे एकमेकांचे जामीन होते आणि त्यांना संघटित करणारेही तुरुंगाच्या वाटेवर त्यांच्याबरोबर होते. व्यासपीठावरून दारूबंदीची शपथ देऊन गाडीत बसणारा पाहुणा कोणाचाच जामीन नसतो. तिसरा आक्षेप नीतिवाद्यांचा: असा हिशेब वाचत बसलो तर कोणीच आळशी उरणार नाही, सगळ्यांनाच कारण सापडेल. तसे होत नाही. पतंजलींनी आलस्य वेगळे मोजले ते उगाच नाही. वाट मोकळी आहे, खर्च उचलला गेला आहे, सोबत आहे, तिथी ठरली आहे आणि तरी पाऊल उठत नाही, तिथे दोष त्याचाच आणि तो स्पष्ट सांगावा. पण ही चारही अंगे तपासण्याआधी दिलेला ‘आळशी’ हा शिक्का म्हणजे चौकशीशिवाय दिलेली शिक्षा. आणि नशिबावर हवाला ठेवणाऱ्याचे काय? नशिबाची भाषा बहुधा तिथेच ऐकू येते जिथे आपल्या प्रयत्नाने फळ बदलते याचा पुरावा कधी पदरात पडलेला नसतो. मोगऱ्याचे पहिले पैसे हातात आले की ती भाषा आपोआप क्षीण होते.

चौथा आक्षेप मात्र मान खाली घालून ऐकावा असा आहे: काही वेळा हिशेब वाचायला वेळच नसतो. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी येथे बालके कुपोषणाने मेली आणि सारा महाराष्ट्र हादरला. अशा ठिकाणी चिरकारीचा दाखला देणे क्रूरपणाचे होईल. मूल खंगत असताना विलंब न फिरणारा असतो आणि दवाखान्यातून परत येता येते; माझ्याच कसोटीने इथे दीर्घसूत्र मासा व्हायचे नाही. तेव्हा आरोग्यसेविकेने स्पष्ट, निकराने, गरज पडली तर रागावूनही बोलावे. मात्र रागावून बोलण्याचा हक्क वर्षभर दारात बसून ज्याने ऐकले आहे त्याचाच असतो. एरवी तो आवाज दारोगाच्या आवाजासारखा ऐकू येतो. ही कसोटी डोंगराबाहेरही तितकीच चालते. ठाण्या-पुण्यात पैसे मोजून मार्गदर्शकाकडे जाणारा आणि सहा महिने ‘पुढच्या महिन्यापासून’ म्हणणारा नोकरदार घ्या. त्याच्या बाबतीत बहुतेक वेळा कृती फिरवता येण्याजोगी असते: एक अर्ज, एक भेट, एक अवघड संभाषण. ती न फिरणारी वाटते, कारण हरलो तर लोक काय म्हणतील हा त्याचा हिशेब आहे. त्याच्या मार्गदर्शकाचे काम त्याला स्फुरण चढवणे नाही. ‘यातले नेमके काय परत मिळणार नाही?’ एवढे त्याच्याकडून मोजून घेणे हे ते काम. पुष्कळदा मोजता मोजता भीतीच्या यादीतल्या बहुतेक नोंदी खोडल्या जातात आणि एखादीच खरी उरते. तिच्यावर मग दोघांनी बसून विचार करता येतो.

आणि हिशेब वाचायचाच तर दोन्ही बाजूंचा वाचावा. जव्हार-मोखाड्यात दीर्घसूत्री कोण आहे? महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला, देशाने २००५ मध्ये. त्यानुसार मजुरी १५ दिवसांत मिळायला हवी. ज्याच्या घरात धान्य संपले आहे त्याच्यासमोर दिवाळीत दोन गोष्टी असतात: भट्टीमालकाने रोख दिलेली उचल आणि शासनाने दिलेला शब्द. मजुरी महिनोन्‌महिने लांबल्याचा अनुभव असेल तर तो उचल घेतो, आणि आपण म्हणतो की हा बदलायला तयार नाही. वनहक्काचा कायदा २००६ चा; त्याखाली दावा टाकून प्लॉटच्या मोजणीची आणि पट्ट्याची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्याला ज्या जमिनीची शाश्वती नाही तिथे पाच वर्षांनी फळ देणारे झाड लाव म्हणणे हे त्याच्या बुद्धीची परीक्षा पाहणे आहे. इथे वाट मोकळी करणे ज्याच्या हाती आहे, विलंबाचा खर्च ज्याला सोसावा लागत नाही आणि तरी जो धागा लांबवत बसतो, तो गीतेच्या व्याख्येतला तामस कर्ता आहे. तो खुर्चीवर बसलेला असतो म्हणून त्याच्या चालढकलीला ‘प्रक्रिया’ म्हणतात. जमिनीवर बसलेल्याच्या विचाराला ‘मानसिकता’.

संकल्पाच्या शेवटी तळहातावरून जे पाणी सोडले जाते त्याचा मराठीत दुसराही अर्थ रूढ आहे. ‘उदक सोडणे’ म्हणजे एखाद्या गोष्टीवरचा हक्क सोडून देणे. धरण्याचा आणि सोडण्याचा विधी एकच असावा यात खोल समज आहे. नवे काही हाती घेणारा प्रत्येक जण जुन्या कशावर तरी उदक सोडत असतो: उचलीच्या रोख पैशावर, दारूच्या सोबत्यांवर, ओळखीच्या दुःखावर. ‘बघू’ म्हणणाऱ्याला आपण नेहमी मिळणाऱ्याचे वर्णन ऐकवतो आणि तो मनात सुटणाऱ्याची मोजदाद करत असतो. सुटणाऱ्याचे नाव आपण आधी घेतले, ते खरोखर मोलाचे होते हे कबूल केले, तर त्याचा तळहात तिरपा होण्याची शक्यता वाढते. पण मग उदक आपल्यालाही सोडावे लागते. त्याने आपण ठरवलेल्या दिवशी, आपण आखलेल्या वाटेने आणि आपल्या अहवालाच्या मुदतीत बदलावे, या हट्टावर. चिरकारीच्या बापाने शेवटी जे केले ते तेवढेच होते. मुलाला आज्ञा देऊन तो निघून गेला तेव्हा त्याला खात्री होती. रडत परत आला तेव्हा ती गेली होती, आणि त्यानंतरच त्याला मुलाने पायाशी टाकलेले शस्त्र आणि त्यामागचा विचार दोन्ही दिसले. ‘बघू’ ऐकून आलेला राग ज्याला तेवढा वेळ थांबवता येईल त्यानेच दुसऱ्याला घाई करायला सांगावे.